आफ्रिकेतला दुर्मीळ जंपिंग स्पायडर कसा ओळखावा आणि त्याचं वर्णन कसं लिहावं

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर म्बिटा पॉइंट नावाचं गाव आहे. तिथल्या घरांच्या भिंतींवर आणि आसपासच्या गवतात जेमतेम पाच मिलिमीटरचा एक जंपिंग स्पायडर, म्हणजे उड्या मारून शिकार करणारा कोळी राहतो. त्याच्या चेहऱ्यावर लाल रंग असतो आणि नरात तो जास्त उठून दिसतो. केनिया आणि युगांडातल्या या सरोवराच्या परिसराबाहेर तो कुठेही नोंदवलेला नाही. पोलंडच्या वांडा वेसोलोव्स्का आणि न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले रॉबर्ट जॅक्सन यांनी २००३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि त्याला एव्हार्का क्युलिसिव्होरा हे नाव दिलं. २००५ साली जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा कोळी रक्त प्यायलेल्या मादी डासांना निवडून खातो. प्राण्यांच्या कातडीला भोक पाडून रक्त काढणं त्याला जमत नाही, म्हणून ते रक्त तो डासाच्या पोटातून मिळवतो. त्यातही मलेरिया पसरवणारे अ‍ॅनोफिलिस डास त्याला जास्त पसंत. पुढे असंही दिसलं की माणसाच्या पायाचा वास आणि आपल्याकडे माळरानावर माजलेल्या घाणेरीचा वास त्याला खेचून घेतो.

या सगळ्या संशोधनाच्या मुळाशी २००३ मधलं चार पानांचं वर्णन आहे. दुसऱ्या देशातला कुणीही ते उघडून आपल्यासमोरचा कोळी तोच आहे का हे तपासू शकतो. वर्णन लिहिण्याचा सारा उद्देश हाच असतो: आपण जे पाहिलं ते आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसाला पडताळता यावं. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे मनात ठेवा, म्हणजे कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही ते आपोआप कळेल.

सराव घरच्या भिंतीवर

आफ्रिकेत जाण्याआधी घरातच सराव करता येतो, कारण आपल्या भिंतींवरचे नेहमीचे काही जंपिंग स्पायडर मूळचे आफ्रिकेचेच आहेत. प्लेक्सिपस पायकुली, मेनेमेरस बायव्हिटाटस आणि हॅसेरियस अ‍ॅडन्सोनी या तिन्ही प्रजाती माणसाबरोबर जगभर पसरल्या आणि पुण्यामुंबईच्या घरांत सहज दिसतात. प्लेक्सिपसचा नर काळा असून त्याच्या पाठीच्या मधोमध पांढरा पट्टा जातो. मेनेमेरस राखाडी आणि चपटा, भिंतीला चिकटून चालणारा. हॅसेरियसचा नर काळपट, त्याच्या पोटावर पांढरी कोर आणि तोंडाजवळच्या आखूड पायांवर पांढरे केस. या तिघांचे नर आणि माद्या बिनचूक वेगळ्या ओळखता येईपर्यंत पुढची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

कूळ ओळखणं सोपं आहे. जंपिंग स्पायडर साल्टिसिडी कुळात मोडतात. चेहरा सपाट, त्यावर समोर बघणारे चार डोळे एका ओळीत, आणि त्यातले मधले दोन इतके मोठे की दुसऱ्या कुठल्याही कोळ्याशी गफलत होत नाही. उरलेले चार डोळे मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. फसगत होते ती मुंगीची नक्कल करणाऱ्या मिर्मारॅक्नीसारख्या वंशांत. तिथे पाय मोजायचे आणि डोळे बघायचे. मात्र कुळाच्या पुढे काम एकदम अवघड होतं. कोळ्यांच्या कुळांमध्ये हे सगळ्यात मोठं, त्यात ६,००० हून जास्त प्रजाती आणि ६०० हून जास्त वंश. २०२२ साली जगातल्या कोळ्यांच्या यादीत ५०,००० वी प्रजाती नोंदली गेली, तीही दक्षिण अमेरिकेतली एक जंपिंग स्पायडरच होती.

आधी प्रौढ आहे का ते बघा

नवख्यांचा सर्वाधिक वेळ इथे वाया जातो. पिल्लाचा कितीही देखणा फोटो काढला तरी बहुतेक वेळा त्यावरून प्रजाती सांगता येत नाही, कारण ज्या अवयवांवरून ती ठरते ते शेवटची कात टाकल्यावरच पूर्ण तयार होतात. कोळ्याच्या तोंडाजवळ पायांसारखी दिसणारी एक आखूड जोडी असते, तिला पेडिपाल्प म्हणतात. प्रौढ नरात तिची टोकं मुठीसारखी फुगलेली असतात आणि त्यांवर गुंतागुंतीची रचना दिसते. कात टाकायला आलेल्या नराची टोकंही फुगीर असतात, पण गुळगुळीत. प्रौढ मादीच्या पोटाखाली, पुढच्या भागात, कडक आणि गडद रंगाची एक छोटी पाटी असते. तिचं नाव एपिजाइन. ती नसेल तर मादी बहुधा अजून लहान आहे. अशा वेळी तिला जिवंत ठेवून, फळमाश्या खायला घालून वाढवता येतं आणि दुर्मीळ प्रजातीच्या बाबतीत हा खटाटोप करावाच.

परवानगी

केनियात संशोधनासाठी नाकोस्टी या राष्ट्रीय आयोगाचा परवाना लागतो. संरक्षित क्षेत्र असेल किंवा नमुने देशाबाहेर न्यायचे असतील तर आणखी परवानग्या लागतात. जैविक संपत्तीवर त्या-त्या देशाचा हक्क मानणारा नागोया करार ऑक्टोबर २०१४ पासून लागू आहे. आपल्याकडेही २००२ चा जैवविविधता कायदा आहे. परवान्याचा क्रमांक पुढे शोधनिबंधात द्यावा लागतो, आणि तो नसेल तर चांगली नियतकालिकं लेख परत पाठवतात. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे त्या देशातल्या संग्रहालयातल्या किंवा विद्यापीठातल्या अभ्यासकाबरोबर सुरुवातीपासून काम करणं. तिथलं गवत, पाऊस, वाटा त्यांना ठाऊक असतात. शोधनिबंधावर त्यांचं नाव येणं हा त्यांचा हक्क आहे, त्याला उपकार समजू नये.

शोध कुठे आणि कसा

झुडपाखाली पांढरं कापड किंवा उलटी छत्री धरायची आणि फांदीवर काठीने टोले द्यायचे. कापडावर पडलेले कोळी क्षणात उडी मारून पळतात, त्यामुळे नळी हातात तयार हवी. गवतासाठी जाळी, पालापाचोळ्यासाठी चाळणी. जमिनीवर फिरणाऱ्यांसाठी जमिनीच्या पातळीला पुरलेले प्लास्टिकचे पेले. झाडांच्या सालीखाली, वाळलेल्या पानांच्या गुंडाळीत आणि दगडांखाली हे कोळी रेशमाचा छोटा कोश विणून त्यात रात्र काढतात. हे कोश हाताने उघडून बघणं कंटाळवाणं आहे, पण एकाच कोशात नर आणि मादी जवळजवळ सापडले तर त्याचं मोल पुढे फार वाढतं.

नेमकी जागा लिहून ठेवणं ही माझ्या लेखी शोधातली सर्वात महत्त्वाची सवय आहे. झिंबाब्वेतला स्टेनेल्युरिलस गुट्टाटस हा कोळी वाळवी खातो. असा कोळी झुडपं झोडपून हाती लागणार नाही, त्यासाठी वाळवीच्या वाटेवर बसावं लागतं. एव्हार्का क्युलिसिव्होराही भूक नसेल तेव्हा गवतात किंवा जमिनीलगतच्या झुडपांत लपून असतो आणि भूक लागली की झाडाच्या खोडावर, घराच्या भिंतीवर उघड्यावर येतो. ज्याने फक्त दिवसा भिंती पाहिल्या आणि ज्याने फक्त गवत झोडपलं, त्या दोघांच्या नोंदी वेगवेगळ्या निघतील.

जिवंतपणी फोटो

अल्कोहोलमध्ये गेल्यावर रंग टिकत नाहीत. लाल आणि हिरवा लवकर जातो, चमकदार खवले घासून निघतात. म्हणून आधी जिवंत कोळ्याचे फोटो घ्या: वरून, समोरून चेहऱ्याचा, बाजूने आणि काचेखालून पोटाचा. शेजारी मिलिमीटरचा आलेख कागद ठेवा. समोरच्या डोळ्यांभोवतीच्या केसांचा रंग, डोळ्यांखालच्या पट्टीचा रंग आणि पहिल्या पायांवरच्या केसांच्या झुपक्यांचा रंग वहीत शब्दांतही लिहा, कारण कॅमेरे रंग बदलतात. प्रत्येक फोटोवर तोच क्रमांक हवा जो नंतर नळीवर जाणार आहे. फोटो एका कोळ्याचा आणि नमुना दुसऱ्याचा झाला, तर दोन्हींची किंमत संपते.

नमुना आणि चिठ्ठी

नमुना ७० ते ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवतात. डीएनए हवा असेल तर एका बाजूचे एक-दोन पाय काढून ९५ टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलमध्ये, शक्यतो फ्रीजरमध्ये ठेवावेत. सगळा कोळीच तीव्र अल्कोहोलमध्ये घातला तर तो ठिसूळ होतो आणि पाय हात लावताच गळतात.

चिठ्ठीबद्दल मी जास्त बोलणार आहे, कारण शंभर वर्षांनंतर कोळ्याबरोबर तेवढीच उरते. ती नळीच्या आत, अल्कोहोलमध्येच टाकायची. बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडतं. चांगल्या आम्लरहित कागदावर पेन्सिलीने किंवा काळ्या चायना इंकने लिहा. इंकजेट प्रिंटरची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि लेझर प्रिंटची अक्षरं काही वर्षांत सुटून तळाशी जमू शकतात. देश, जिल्हा किंवा काउंटी, जवळचं गाव, त्यापासूनचं अंतर आणि दिशा, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, कुठल्या झाडावर किंवा भिंतीवर, कुठल्या पद्धतीने आणि कुणी पकडला, एवढं सगळं त्या इवल्याशा कागदावर बसवायचं. तारखेतला महिना रोमन अंकांत लिहिण्याची जुनी पद्धत आहे, ती पाळा. त्यामुळे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत नाही.

अक्षांशाचंही तसंच. म्बिटा विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे. 'दक्षिण' हा शब्द किंवा उणे चिन्ह लिहायचं राहिलं तर नकाशावर तुमचा कोळी जवळजवळ शंभर किलोमीटर उत्तरेला सरकतो. पुढचा माणूस तिथे जाऊन आठवडाभर शोधतो आणि प्रजाती तिथून नाहीशी झाली असं लिहून मोकळा होतो.

सूक्ष्मदर्शकाखाली

दोन्ही डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप, काचेची बशी, तिच्या तळाला स्वच्छ धुतलेली बारीक वाळू आणि वर इथेनॉल. वाळूमुळे कोळी हवा तसा तिरका टेकवून ठेवता येतो. नेत्रिकेत मोजपट्टी बसवलेली असावी.

मापांनी सुरुवात करा: पाठकवचाची लांबी, रुंदी आणि उंची, डोळ्यांच्या क्षेत्राची लांबी आणि त्याची पुढची-मागची रुंदी, पोटाची लांबी-रुंदी, पायांचे भाग. मग जबड्याच्या आतल्या कडेवरचे दात बघा. मागच्या कडेला एकच दात आहे, दोन टोकांचा आहे की अनेक आहेत, यावरून वंश शोधण्याचं काम पुष्कळ आटोपतं. पहिल्या पायाच्या खालच्या बाजूचे काटे मोजा. हे काम शांतपणे केलं तर एका बैठकीत होतं.

खरा निर्णय मात्र जननेंद्रियांवर होतो. नराचा डावा पेडिपाल्प सुटा करून खालून आणि बाहेरच्या बाजूने अशा दोन कोनांतून त्याचं चित्र काढायचं. बहुतेक अभ्यासक डाव्याचंच चित्र काढतात, त्यामुळे चित्रं एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. डावा तुटला असेल तर उजव्याचं चित्र काढून ते उलटं करा आणि तसं लिहा. बघायचं ते हे: टोकाचा काटा, म्हणजे एम्बोलस, कुठून निघतो, किती लांब आहे, सरळ आहे की वळसा घेतो; मधल्या फुगीर भागाचा आकार; आणि अलीकडच्या खंडावरचा टोकदार उंचवटा, ज्याला टिबियल अपोफिसिस म्हणतात, तो एक आहे की दोन आणि कुठल्या दिशेला वळलेला. नमुना थोडा जरी फिरला तरी हा उंचवटा निराळा दिसतो. म्हणून ज्या चित्राशी तुलना करायची त्याच कोनात आपला नमुना आणेपर्यंत थांबा. नवी प्रजाती म्हणून आनंदाने दाखवलेली बरीच उदाहरणं या एका फिरकीत विरघळून जातात.

मादीची एपिजाइन बारीक सुईने कापून वेगळी करतात आणि लवंगाच्या तेलात, लॅक्टिक आम्लात किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात पारदर्शक करतात. लवंगाचं तेल सर्वात सौम्य, सुरुवातीला तेच वापरा. पोटॅशियम हायड्रॉक्साइड झपाट्याने काम करतं आणि लक्ष हटलं तर नाजूक नळ्याही विरघळतात. पारदर्शक झाल्यावर आतली वीर्यकोशांची जोडी आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नळ्यांची वळणं दिसतात. बाहेरून हुबेहूब सारख्या माद्या इथे वेगळ्या पडतात. काम झालं की सुटा केलेला प्रत्येक भाग छोट्या नळीत घालून त्याच कोळ्याबरोबर परत ठेवायचा.

फोटो काढलात तरी हाताने रेखाटन कराच. अनेक थरांचे फोटो जोडून सुंदर प्रतिमा मिळते, पण कुठली रेष कडा आहे आणि कुठली सावली हे रेखाटन करताना ठरवावं लागतं आणि त्या निर्णयातूनच नमुना खऱ्या अर्थाने समजतो.

ग्रंथांत शोध

आता वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग उघडा. बर्नचं नैसर्गिक इतिहास संग्रहालय तो चालवतं. प्रत्येक प्रजातीचा सगळा नामइतिहास त्यात आहे आणि नोंदणी केली तर मूळ लेखही वाचता येतात. जंपिंग स्पायडरसाठी येझी प्रुशिन्स्की यांनी आयुष्यभर जमवलेला चित्रसंग्रह आणि वेसोलोव्स्का यांचे आफ्रिकेवरचे अनेक लेख हाताशी ठेवा. दक्षिण आफ्रिकेत १९९७ पासून कोळ्यांचं राष्ट्रीय सर्वेक्षण सुरू आहे, त्यामुळे त्या देशाची माहिती सर्वात भरीव आहे.

देशाच्या सीमेवर थांबू नका. केनियात मिळालेल्या कोळ्याचं वर्णन इथिओपियातून, टांझानियातून किंवा थेट झिंबाब्वेतून झालेलं असू शकतं. वंश ठरला की त्या वंशातल्या आफ्रिकेतल्या सगळ्या प्रजाती बघायच्या. वंशावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वर ज्या वाळवीभक्षक कोळ्याचा उल्लेख केला, तो २००२ मध्ये माशोनारस या नव्या वंशात ठेवला होता, आज तो स्टेनेल्युरिलस वंशात आहे. वंश बदलल्याची खूण म्हणून मूळ लेखकांची नावं आता कंसात लिहितात.

एक अडचण हमखास येते. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच कोळी-अभ्यासक यूजीन सिमोन यांच्या काळातली कित्येक वर्णनं लॅटिनमध्ये, काही ओळींची आणि चित्राविना आहेत. तिथे मूळ नमुनाच बघावा लागतो. आफ्रिकेतल्या कोळ्यांचे असे नमुने पॅरिस, लंडन, बेल्जियममधलं तेर्वुरेन, प्रिटोरिया अशा ठिकाणी आहेत. संग्रहालयाच्या अभ्यासकांना नीट पत्र लिहिलं, आपली चित्रं जोडली आणि नेमका प्रश्न विचारला, तर ते बहुधा फोटो पाठवतात.

नवी म्हणण्याआधी

जुळणारं काही सापडलं नाही तरी नमुना नवा असेलच असं नाही. तुमच्याकडे नर आहे आणि त्या वंशातली एखादी प्रजाती त्याच भागातून फक्त मादीवरून माहीत असेल, तर तो तिचाच नर असू शकतो. जंपिंग स्पायडरमध्ये नर आणि मादी रंगाने इतके वेगळे असतात की एकाच प्रजातीला दोन नावं पडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. एकाच जागी, एकाच वेळी, एकाच कोशाजवळ मिळालेली जोडी इथे कामी येते. पाय राखून ठेवले असतील तर सीओआय या जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा दोघांत जुळतो का ते तपासता येतं. नुसत्या जनुकीय फरकावर मात्र नवी प्रजाती जाहीर करू नये. अवयवांत फरक दिसत नसेल तर आणखी नमुने मिळेपर्यंत थांबावं.

लिहिणं

कोळ्यांची वैध नावं कार्ल क्लर्क यांच्या १७५७ मधल्या ग्रंथापासून मोजतात. बाकीच्या प्राण्यांची १७५८ पासून, लिनियसच्या ग्रंथापासून. एव्हार्का वंशाची आदर्श प्रजाती, म्हणजे जिच्यावर वंशाचं नाव आधारलेलं असतं ती, एव्हार्का फाल्काटा ही क्लर्क यांनीच वर्णन केलेली.

नव्या प्रजातीच्या लेखात एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा आधार असलेला मुख्य नमुना, म्हणून ठरवावा, आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवला किंवा ठेवणार आहात हे स्पष्ट लिहावं लागतं. बाकीचे त्याच वेळी अभ्यासलेले नमुने पॅराटाइप. त्यानंतर येतो निदानाचा परिच्छेद आणि सर्वात जास्त मेहनत त्यावर घ्या. निदान म्हणजे संपूर्ण वर्णन नव्हे. ही प्रजाती तिच्या सर्वात जवळच्या अमुक प्रजातीपासून नेमक्या कुठल्या खुणेने वेगळी आहे, ती खूण कुठल्या चित्रात दिसते आणि जवळच्या प्रजातीत तिथे काय असतं, एवढंच त्यात हवं. 'रंगाने वेगळी' असं लिहून भागत नाही. मग नराचं वर्णन, मादीचं वर्णन, मापं, प्रसार आणि सवयी. मादी मिळालीच नसेल तर 'मादी अज्ञात' असं सरळ लिहा.

नाव लॅटिन रूपात, वंशाच्या व्याकरणिक लिंगाला जुळणारं हवं. स्वतःचं नाव देत नाहीत. ठाणे-कल्याण परिसरातल्या एका जंपिंग स्पायडरला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ इसियस तुकारामी हे नाव मिळालं, ते मराठी वाचकांना आठवत असेल. लेख केवळ ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत नोंदणी आणि तिचा उल्लेख लेखात असणं नियमाने बंधनकारक आहे. नाहीतर नाव ग्राह्य धरलं जात नाही.

'दुर्मीळ' हा शब्द

हा शब्द लिहिण्याआधी तो कशाबद्दल आहे हे ठरवा. एव्हार्का क्युलिसिव्होराचा प्रदेश फार छोटा आहे, पण म्बिटात तो हमखास भेटतो. उलट आफ्रिकेतल्या कित्येक प्रजाती एकाच नमुन्यावरून माहीत आहेत आणि त्यांची संख्या खरंच कमी आहे की त्या झाडांच्या शेंड्यांवर कुणी चढलंच नाही, हे त्या एका नमुन्यावरून ठरत नाही. म्हणून लेखात शोधाचे तास, माणसं, पद्धती, महिने आणि काहीच न मिळालेल्या जागाही लिहा. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच प्रौढ होणारी प्रजाती कोरड्या महिन्यांत शोधली तर मिळणार नाही, हे त्या नोंदींवरूनच कळेल.

होलोटाइप ज्या देशात मिळाला तिथल्या संग्रहालयात, केनियाच्या बाबतीत नैरोबीच्या राष्ट्रीय संग्रहालयात, ठेवता आला तर उत्तम. लेख छापून आला की त्याची प्रत परवाना देणाऱ्या कार्यालयाला पाठवा, ज्यांच्या अंगणात आणि भिंतींवर शोध घेतला त्या घरांतही द्या, आणि मूळ फोटो व मापांची वही नमुन्याच्या क्रमांकासह संग्रहालयाकडेच जमा करा.